दरवाजापाशी राहिलेली बाई

अरब जगातील पहिली स्त्री-खासदार कोण, असे कोणी विचारले तर उत्तर तयार आहे. इजिप्तच्या राविया अतिया. १९५७ सालच्या जुलै महिन्यात कैरोतून निवडून येऊन त्या संसदेत गेल्या. आपल्या क्नेसेटमध्ये पहिली अरब स्त्री, तायबेच्या हुस्निया जबारा, १९९९ साली मेरेत्झ पक्षाकडून निवडून आली. म्हणजे क्नेसेट सुरू झाल्यावर तब्बल पन्नास वर्षांनी. इजिप्तने ही गोष्ट त्याच्या बेचाळीस वर्षे आधी केली होती. तेव्हा रावियाबाईंचा मान निर्विवाद आहे आणि या लेखात तो कमी करण्याचा हेतू नाही.

परंतु त्याच १९५७ साली, त्या निवडणुकीच्या पाच महिने आधी, त्याच कैरो शहरात दुसरी एक बाई एका इमारतीत शिरली आणि मी येथे अन्न घेणार नाही, असे सांगून बसली. ती इमारत संसदेची नव्हती. ती होती भारताची वकिलात. त्या बाईचे नाव दोरिया शफीक. इजिप्तच्या स्त्रियांना मत मिळावे म्हणून ज्यांनी सर्वांत जास्त आरडाओरडा केला, त्यांत हे नाव पहिले. आणि रावियाबाई संसदेत शिरल्या त्या वेळी हे नाव इजिप्तच्या वर्तमानपत्रांत छापायलाही मनाई होती.

एक बाई दारातून आत गेली आणि दुसरी दरवाजापाशीच राहिली. यांपैकी अग्रणी कोणाला म्हणायचे? सिंथिया नेल्सन यांचे ‘दोरिया शफीक, इजिप्शियन फेमिनिस्ट : अ वुमन अपार्ट’ हे १९९६ साली निघालेले चरित्र वाचताना हा प्रश्न सारखा मनात येत राहतो. पुस्तक इंग्रजीत आहे, जाडही आहे. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या हाती ते पडले असेल. म्हणून त्यातील बाईची हकीकत आधी सांगतो आणि मग पुस्तकाबद्दल व बाईंबद्दल जे बरेवाईट वाटले ते मांडतो.

दोरियाबाईंचा जन्म १४ डिसेंबर १९०८ चा, नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशातील तांता या गावचा. वडील सरकारी इंजिनियर. घर मध्यमवर्गीय, म्हणजे खाऊनपिऊन सुखी पण हाताशी शिल्लक बेताची. शिक्षण फ्रेंच जोगिणींच्या शाळेत झाले. आई लहानपणीच गेली. मुलगी अभ्यासात एवढी हुशार, की सोळाव्या वर्षीच फ्रेंच बॅकलॉरिएट परीक्षा वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली. पुढे शिकायचे तर पॅरिसला गेले पाहिजे आणि त्याला पैसा हवा. तेव्हा तिने थेट हुदा शारावी यांना पत्र घातले. या हुदाबाई म्हणजे १९२३ साली कैरोच्या स्टेशनावर उतरताना चेहऱ्यावरचा बुरखा दूर करणाऱ्या, इजिप्तच्या स्त्री-चळवळीच्या मातोश्री. त्यांनी शब्द टाकला, सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि एकोणीस वर्षांची ही मुलगी समुद्र ओलांडून सोरबोनला पोचली.

मधल्या एका उन्हाळ्यात, १९३५ साली, मायदेशी आली असताना तिने ‘मिस इजिप्त’च्या सौंदर्यस्पर्धेत भाग घेतला आणि दुसरी आली. मुसलमान घरातील शिकलेली मुलगी अशा ठिकाणी उभी राहिली म्हणून वर्तमानपत्रांत गहजब झाला. पुढे आपला चुलतभाऊ नूर अल्-दीन रगाई, जो पॅरिसला कायदा शिकत होता, त्याच्याशी तिने लग्न केले. दोन मुली झाल्या. १९४० साली सोरबोनने तिला तत्त्वज्ञानातील डॉक्टरेट दिली. तिचा एक प्रबंध प्राचीन इजिप्तच्या कलेवर होता आणि दुसरा स्त्री व इस्लामी धर्मशास्त्र या विषयावर. त्या दुसऱ्या प्रबंधाचे सार असे, की स्त्रीला समान हक्क द्यायला धर्म आडवा येत नाही, आडवी येते ती माणसांनी लावलेली रीत. हा मुद्दा बाईंनी शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांना ‘पाश्चात्त्यांची पोपट’ म्हणणाऱ्यांनी तो प्रबंध वाचला असता तर बरे झाले असते.

पदवी घेऊन आल्या तर कैरो विद्यापीठात जागा नाही. तरुण मुलांच्या वर्गावर एवढी देखणी आणि एवढी आधुनिक बाई कशी नेमायची, ही अडचण! ज्या देशाने स्वतःच्या खर्चाने शिकवले त्याच देशाला शिकलेली बाई नकोशी झाली. हा अनुभव पुष्कळांना ओळखीचा वाटेल.

तेव्हा १९४५ मध्ये त्यांनी नियतकालिकांची वाट धरली. राजा फुआदची पहिली बायको राजकन्या शेविकार हिने काढलेल्या ‘ला फाम नुव्हेल’ या फ्रेंच मासिकाचे संपादन त्यांच्याकडे आले. हे मासिक गुळगुळीत कागदाचे आणि बड्या घरच्या दिवाणखान्यातले. त्यामुळे ‘राजवाड्यातली बाई’ असा शिक्का बसला आणि हुदाबाईंच्या मंडळातल्या स्त्रियाही दूर झाल्या. ते ओळखून दोरियाबाईंनी त्याच वर्षी ‘बिन्त अल्-नील’, म्हणजे ‘नाईलची कन्या’, हे अरबी मासिक सुरू केले. १९४८ साली त्याच नावाची संघटना काढली. तिचा कार्यक्रम दोन पदरी होता. एकीकडे मताचा हक्क आणि संसदेत जागा, दुसरीकडे गरीब वस्त्यांतील बायकांना लिहायला-वाचायला शिकवणे. कैरोच्या बुलाकसारख्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत साक्षरतेचे वर्ग निघाले. तलाकवर आणि अनेक बायका करण्यावर बंधने यावीत, हीही मागणी होती.

यानंतरचा प्रसंग मात्र इजिप्तच्या इतिहासात कायमचा जाऊन बसला आहे. १९ फेब्रुवारी १९५१. कैरोतील अमेरिकन विद्यापीठाच्या एवार्ट हॉलमध्ये स्त्रियांची सभा बोलावली होती. लोकांना वाटले, नेहमीसारखी भाषणे होतील, चहापाणी होईल, ठराव होतील. बाईंचा बेत निराळा होता. संसदेची इमारत तेथून हाकेच्या अंतरावर. सभेला जमलेल्या सुमारे पंधराशे स्त्रिया उठल्या आणि रस्त्याने चालत संसदेच्या फाटकावर जाऊन धडकल्या. फाटकाचे पोलीस बघतच राहिले. बायका आवारात शिरल्या आणि जवळजवळ चार तास तिथून हलल्या नाहीत. शेवटी वरिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षांकडून आश्वासन मिळाले, की तुमच्या मागण्यांचा विचार होईल. तेव्हाच त्या परतल्या.

आश्वासनाचे पुढे काहीच झाले नाही. उलट बाईंवर खटला भरला. परंतु खटल्याच्या दिवशी कोर्टात एवढी गर्दी जमली आणि बचावासाठी स्त्री-वकील अशा सरसावल्या, की न्यायाधीशांनी सुनावणी पुढे ढकलली, ती कायमचीच. १९५२ च्या जानेवारीत, इंग्रजांविरुद्ध वातावरण तापले असताना, याच संघटनेच्या मुलींनी कैरोतील बार्कलेज बँकेला वेढा घातला. म्हणजे देशभक्तीत ही मंडळी कोणाच्या मागे नव्हती.

त्याच वर्षीच्या जुलैत लष्करी अधिकाऱ्यांनी राजाला घालवले. नवे राज्य आले, आता नवी राज्यघटना होणार. पण १९५४ च्या मार्चमध्ये घटना समितीची नावे पाहिली तर त्यात एकही स्त्री नाही. १२ मार्चला दोरियाबाई पत्रकार संघाच्या इमारतीत जाऊन बसल्या आणि आमरण उपोषण जाहीर केले. काही स्त्रिया त्यांच्यासोबत बसल्या. आठ दिवसांनी राष्ट्राध्यक्ष नजीब यांनी कैरोच्या गव्हर्नराकरवी निरोप धाडला, की नव्या घटनेत स्त्रियांच्या हक्कांचा मान राखला जाईल. उपोषण सुटले. जगभर नाव झाले. अमेरिका, युरोप, जपान, लंका, पाकिस्तान आणि भारत, इतक्या देशांत भाषणांसाठी बोलावणे आले.

१९५६ साली घटना आली. स्त्रियांना मत मिळाले, निवडणुकीला उभे राहण्याचा हक्कही मिळाला. पण त्यात एक मेख होती. पुरुषाचे नाव मतदारयादीत आपोआप येई. स्त्रीने मात्र अर्ज करायचा आणि तिला लिहिता-वाचता आले पाहिजे. पुरुषाला अशी अट नव्हती. ज्या देशात बहुसंख्य बायका अक्षरशत्रू, तिथे या अटीचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. दार उघडले, पण फटीपुरते.

या फटीतून राविया अतिया आत गेल्या. त्यांची योग्यताही लहान नव्हती. जन्म १९२६ चा. वडील वफ्द पक्षाचे कार्यकर्ते, तुरुंग भोगलेले. ही मुलगी शाळकरी वयात, १९३९ साली, इंग्रजांविरुद्धच्या मोर्चात जखमी झाली होती. कैरो विद्यापीठाची पदवी घेऊन पंधरा वर्षे शिक्षिका म्हणून काम केले. १९५६ च्या सुवेझ युद्धात मुक्तिसेनेत अधिकारी म्हणून नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. चार हजार बायकांना प्रथमोपचार आणि शुश्रूषा शिकवण्याचे काम त्यांनी केले. १९५७ च्या निवडणुकीला दोन हजारांवर उमेदवार उभे होते, त्यांत स्त्रिया फक्त सोळा. त्यांतल्या दोन निवडून आल्या : रावियाबाई आणि अलेक्झांड्रियाच्या अमीना शुक्री. रावियाबाईंना एक लाख दहा हजारांवर मते पडली. पुरुष मतदार नाके मुरडत, तेव्हा त्या त्यांना पैगंबरांच्या घरच्या स्त्रियांचे दाखले देऊन गप्प करीत. दोन वर्षांनी त्या हरल्या. पुढे १९७३ च्या युद्धात मृत सैनिकांच्या कुटुंबांसाठी त्यांनी एवढे केले, की लोक त्यांना हुतात्म्यांची आई म्हणू लागले. १९८४ साली त्या पुन्हा संसदेत गेल्या आणि १९९७ साली वारल्या.

आता या सभागृहातून बाहेर येऊन पुन्हा भारतीय वकिलातीकडे वळू या. तारीख ६ फेब्रुवारी १९५७. सुवेझचे युद्ध होऊन तीन महिने झाले होते. नासरचा त्या वेळी कोण बोलबाला! तीन देश चालून आले तरी तो टिकला, म्हणून साऱ्या अरब जगात त्याची पूजा चाललेली. अशा वेळी दोरियाबाई वकिलातीत जाऊन बसल्या आणि आपल्या दोन मागण्या जाहीर केल्या. पहिली मागणी आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्यांकडे : इस्रायलने इजिप्तच्या भूमीवरून आपले सैन्य ताबडतोब काढून घ्यावे. दुसरी मागणी इजिप्तच्या सरकारकडे : इजिप्तच्या माणसांना त्यांचे संपूर्ण स्वातंत्र्य परत द्यावे, हुकूमशाही बंद करावी.

पहिली मागणी वाचून आपल्यापैकी काहीजण पान उलटतील, हे मला ठाऊक आहे. त्या वेळी आपल्यातली कितीतरी कुटुंबे मुंबईहून नुकती इथे आली होती आणि सिनाईच्या लढाईच्या बातम्या ऐकत होती. दोरियाबाई आपल्या बाजूच्या नव्हत्या. रावियाबाईही नव्हत्या, उलट त्या तर गणवेश घालून समोर उभ्या होत्या. परंतु एखाद्या माणसाची किंमत करायची तर तो आपल्याकडचा आहे की पलीकडचा, एवढेच बघून भागत नाही. बाईंनी परक्या सैन्याविरुद्ध बोलायला धैर्य लागले नसेल. ते कैरोत कोणीही बोलत होते. धैर्य लागले ते दुसऱ्या मागणीला. ती मागणी त्या काळी कैरोत तोंडातून काढणाराच कोणी नव्हता.

पुढचे थोडक्यात सांगतो. बाईंना घरात नजरकैदेत ठेवले. तुरुंगाऐवजी घर मिळाले ते नेहरूंनी नासरकडे शब्द टाकला म्हणून, असे म्हटले जाते. मासिके बंद पडली. नाव छापण्याला बंदी आली. आणि सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट : ज्या संघटनेला स्वतः जन्म दिला त्या ‘बिन्त अल्-नील’मधल्या त्यांच्याच मैत्रिणींनी त्यांना देशद्रोही ठरवून राजीनामा मागितला. त्यानंतरची अठरा वर्षे बाई बहुतेक एकट्याच राहिल्या. लिहीत राहिल्या, आठवणी आणि कविता. नवऱ्यालाही पुढे तुरुंग घडला आणि शेवटी लग्नही मोडले. २० सप्टेंबर १९७५ रोजी कैरोच्या झमालेक भागातील आपल्या सहाव्या मजल्यावरच्या सज्जातून पडून त्यांचा अंत झाला. उडी मारली, असेच सर्वांनी मानले.

आता पुस्तकाविषयी. सिंथिया नेल्सन कैरोच्या अमेरिकन विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवीत. ज्या विद्यापीठाच्या सभागृहातून तो मोर्चा निघाला तिथल्याच त्या प्राध्यापिका. दोरियाबाईंच्या मुलींनी आईच्या अप्रकाशित आठवणी त्यांच्या हवाली केल्या आणि त्या आधारावर हे चरित्र उभे आहे. जिचे नाव सरकारने पुसले तिला पुन्हा नावारूपाला आणले, हे नेल्सनबाईंचे मोठेच ऋण. २०१८ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने, ज्यांच्या मृत्यूची दखल घ्यायची राहून गेली अशांवर मृत्युलेख छापण्याच्या आपल्या मालिकेत दोरियाबाईंवर लेख दिला. तशी वाट या पुस्तकाने मोकळी केली.

पण पुस्तकाचे बळ तेच त्याचे दुबळेपणही आहे. आठवणी दोरियाबाईंच्या, त्याही एकांतात लिहिलेल्या. त्यामुळे प्रत्येक प्रसंग आपल्याला त्यांच्याच डोळ्यांनी दिसतो. संसदेवर चालून गेलेल्या पंधराशे बायकांपैकी बाकीच्या कोण होत्या? बुलाकच्या वर्गात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला काय वाटत होते? १९५७ साली ज्या मैत्रिणींनी राजीनामा मागितला त्या भ्याल्या म्हणून, की बाईंनी त्यांना न विचारता एवढे मोठे पाऊल उचलले म्हणून? या बायकांचा आवाज पुस्तकात पुरेसा ऐकू येत नाही. नायिकेच्या दुःखाशी लेखिका इतकी समरस होते, की इतरांची बाजू मांडायला तिला उसंत राहत नाही.

मला वाटते, बाईंचे मोठेपण आणि त्यांची चूक, दोन्ही या १९५७ च्या घटनेतच शोधली पाहिजेत. उपोषणाचे हत्यार आपल्याला नवे नाही. १९३२ साली गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात प्राण पणाला लावले तेव्हा बाहेर सारा देश श्वास रोखून उभा होता. उपोषण करणारा एकटा असतो असे दिसते, पण त्याच्या पाठीशी माणसे असतात म्हणून समोरच्याला झुकावे लागते. १९५४ साली दोरियाबाईंचे उपोषण फळाला आले, कारण त्या महिन्यात नजीब आणि नासर यांच्यातच रस्सीखेच चालली होती, राज्यकर्त्यांचे आसन डळमळीत होते आणि जगाची वर्तमानपत्रे बघत होती. १९५७ साली यातले काहीच नव्हते. नासर भक्कम होता, मैत्रिणींना विश्वासात घेतले नव्हते आणि जगाचे लक्ष दुसरीकडे होते. हत्यार तेच, पण पाठीशी कोणी नाही.

आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना या गोष्टीचा अनुभव आहे. १९६४ साली जेरुसलेममध्ये आपली माणसे धरणे धरून बसली होती, ती एकट्यादुकट्याने नव्हे. बायकामुले, म्हातारीकोतारी, सारी सोबत होती आणि त्याच वर्षी क्नेसेटला त्याची दखल घेऊन ठराव करावा लागला. दोरियाबाईंना १९५१ साली हे ठाऊक होते. पंधराशे जणींना घेऊन चालता येते, हे त्यांनीच दाखवून दिले होते. सहा वर्षांनी त्यांना त्याचा विसर कसा पडला? की तोवर त्यांच्यासोबत चालायला कोणी उरलेच नव्हते? हुकूमशाहीत पहिली गोष्ट होते ती हीच. माणसे एकमेकांपासून तुटतात. मग जो बोलतो तो एकटाच बोलतो, आणि तो एकटा असल्याचा दोषही त्याच्याच माथी मारला जातो. या दुसऱ्या शक्यतेकडे नेल्सनबाईंचा कल आहे. माझाही बराचसा तिकडेच आहे, पण सगळा नाही. फ्रेंच भाषेत विचार करणारी, पॅरिसच्या पदवीचा अभिमान बाळगणारी ही बाई आपल्याच बायकांच्या मनापासून थोडी दूर होती, हेही खरे मानले पाहिजे. पुस्तकाच्या नावातला शेवटचा शब्द ‘वेगळी’ असा वाचता येतो आणि ‘एकटी पडलेली’ असाही. दोन्ही अर्थ लागू पडतात.

मग अग्रणी कोण? रावियाबाईंनी आत जाऊन स्त्री खासदार होऊ शकते हे लोकांच्या डोळ्यांना दाखवले. हे काम लहान नाही. डोळ्यांना सवय झाल्याशिवाय मन तयार होत नाही. परंतु त्यांना आत जाता आले ते सरकारच्या मर्जीत राहून. संसदेच्या त्या निवडणुकीत कोणाला उभे राहू द्यायचे, हे सरकारच ठरवीत होते. मत मिळाले पण मत मांडायची सोय नाही, हा त्या काळच्या इजिप्तमधला विरोधाभास. दोरियाबाईंचे म्हणणे नेमके हेच होते. स्त्रीला मत देता, आणि पुरुषाचे तोंड बांधता, तर त्या मताला अर्थ काय? बाईंना स्त्रियांचे हक्क आणि साऱ्यांचे स्वातंत्र्य या दोन निराळ्या गोष्टी वाटत नव्हत्या. ही समज त्यांच्या काळातल्या किती पुरुष पुढाऱ्यांना होती, ते मोजायला एका हाताची बोटे पुरतील.

‘पहिली’ हा मान आपण साधारणतः आत पोचलेल्या माणसाला देतो. नोंदवहीत तसेच लिहावे लागते, कारण खुर्चीवर बसल्याची तारीख असते आणि दाराबाहेर उभे राहिलेल्या वर्षांची तारीख नसते. म्हणून ज्या ज्या वेळी ‘अमुक समाजातील पहिली स्त्री’ अशी बातमी वाचाल, त्या वेळी आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी, असे मी वाचकांना सुचवीन. हिच्या आधी दारावर कोण उभे होते आणि त्याचे पुढे काय झाले? हा प्रश्न रावियाबाईंबद्दल विचारला तर दोरियाबाई सापडतात. हुस्निया जबारा यांच्याबद्दल विचारला तर कोण सापडेल, हे आपल्या शेजारच्या अरब भगिनींना विचारून पाहावे. लोद-रामलेच्या आपल्या वाचकांना त्यासाठी फार लांब जावे लागणार नाही.

पुस्तक जरूर वाचावे. इंग्रजी ज्यांना जड वाटते त्यांनी घरातल्या मुलानातवंडांकडून थोडे थोडे वाचून घ्यावे. १९५१ च्या मोर्चाचे आणि १९५७ च्या वकिलातीचे, एवढे दोन भाग ऐकले तरी पुरे. पंधराशे बायकांबरोबर संसदेच्या फाटकातून आत शिरलेली तीच बाई सहा वर्षांनी वकिलातीच्या दारातून एकटी आत गेली. या सहा वर्षांत इजिप्तचे काय झाले, ते त्यावरून कळते.